ढाली टाकून देणारे सैनिक : रोमहून सँ-मोरिसच्या कड्यापर्यंत

१७ सप्टेंबर, रोम

वसईच्या किल्ल्याला संत सेबॅस्टियनच्या नावाचा एक बुरूज आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तो फोडला आणि त्याच खिंडारातून मराठे आत शिरले, ही हकिगत वसईत वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणीच ऐकलेली असते. ज्या संताचे नाव तोफा चढवलेल्या बुरुजाला देण्यात आले, तो मात्र रोमन सैन्यातला असूनही स्वतःच्या बचावासाठी शस्त्र न उचलता मारला गेला, असे आमच्या घरातल्या तसबिरीपुढे उभे राहून आई सांगत असे. बुरूज आणि तसबीर यांचा मेळ मला कधीच लागला नाही. पहिल्या काही शतकांतील ख्रिस्ती लोकांनी ज्या सैनिकांना रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणारे, म्हणून वंदन केले, त्यांची स्थाने एकदा ओळीने पाहावीत, रोमपासून निघून मिलानमार्गे आल्प्समधील सँ-मोरिस या गावी २२ सप्टेंबरच्या सणाला पोहोचावे, असा बेत त्यातूनच ठरला. सोबत आई आहे. तिचे वय ७१, गुडघे दुखतात, आणि तिच्या पिशवीत घरून आणलेल्या सहा मेणबत्त्यांचे पुडके आहे.

आज दुपारी दोमितिल्लाच्या भुयारी दफनभूमीत गेलो. जिना उतरताच अरुंद बोळ लागेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात आपण एका प्रशस्त, अर्ध्या जमिनीखाली असलेल्या बॅसिलिकेत येतो. नेरेउस आणि आकिल्लेउस या दोन सैनिकांचे थडगे जेथे होते तेथेच वेदी यावी, म्हणून चौथ्या शतकाच्या अखेरीस भोवतालची भुयारे छाटून ही इमारत उभारण्यात आली. थडगे वर आणले गेले नाही, इमारतच त्याच्या पातळीपर्यंत खाली उतरवली गेली. पुढे ती मातीखाली गाडली जाऊन विसरली गेली, आणि १८७४ च्या सुमारास जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी या पुरातत्त्वज्ञाने तिचा शोध लावला.

वेदीवरील दगडी छत्राला आधार देणारा एक लहान स्तंभ येथे आहे, आणि आजचा सगळा दिवस मला त्या स्तंभासाठीच मोलाचा वाटतो. त्यावर हात बांधलेला एक माणूस कोरला आहे. एक शिपाई त्याच्यावर घाव घालायला हत्यार उगारून आला आहे. मागे क्रूस आहे आणि क्रूसावर विजयाची माळ. वर अक्षरे आहेत : आकिल्लेउस. रक्तसाक्ष्याच्या वधाची जी अगदी जुनी शिल्पे टिकली आहेत, त्यांत याची गणना होते. मारणारा आणि मरणारा हे दोघेही सैनिक असल्याचे लक्षात आले की या छोट्याशा शिल्पासमोरून पाय हलत नाही.

या दोघांविषयीची सर्वांत जुनी साक्ष म्हणजे पोप दमासस यांनी रचलेल्या आठ ओळी. दमासस ३६६ ते ३८४ या काळात पोप होते आणि रोमभोवतीच्या रक्तसाक्ष्यांची थडगी हुडकून त्यांवर संगमरवरी काव्यलेख बसवणे हे त्यांनी आयुष्याचे काम मानले होते. मूळ शिळेचे तुकडे सापडले आहेत. मजकूर मात्र पूर्ण उपलब्ध आहे, कारण मध्ययुगात कोणीतरी त्याची नक्कल करून ठेवली. त्या ओळी सांगतात की हे दोघे सैन्यात दाखल झाले होते, जुलमी सत्ताधीशाच्या हुकमाकडे डोळे लावून ते क्रूर काम करीत होते, भीतीपोटी आज्ञा पाळण्यास सदैव तयार होते. आणि मग अकस्मात त्यांनी तो उन्माद टाकला, ते माघारी वळले, सेनापतीची अधर्मी छावणी सोडून पळाले, ढाली, पदके आणि रक्ताळलेले भाले फेकून दिले. दमासस यांनी त्यांना जन्मजात सज्जन ठरवले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. भाले रक्ताळलेले होते असे ते स्पष्ट लिहितात. छळ करणाऱ्यांच्या हातातली दोन हत्यारे एके दिवशी चालेनाशी झाली, आणि त्या एका दिवसासाठी त्यांना वंदन करायचे, असा हा लेख आहे.

पुढच्या काळातील कथाकारांनी यातले सैनिकपणच पुसून टाकले. पाचव्या-सहाव्या शतकांतील चरित्रकथेत हे दोघे दोमितिल्ला या राजघराण्यातील स्त्रीचे कंचुकी, म्हणजे अंतःपुरातील सेवक, झाले. छावणी, ढाली, भाले यांचा तेथे मागमूस नाही. संगमरवरात कोरलेली हकिगतसुद्धा दीडदोनशे वर्षांत इतकी बदलू शकते, याचे मला वाईट वाटले. तरीही माणसे येथे येत राहिली, आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी याच थडग्यापाशी प्रवचन केले. ज्या संतांच्या थडग्याशी आपण उभे आहोत, त्यांनी जग बहरात असताना त्याकडे पाठ फिरवली, असे ते त्यात म्हणाले होते. दुष्काळ, साथ आणि लढायांनी खिळखिळ्या झालेल्या रोममधील श्रोत्यांना हे वाक्य कसे लागले असेल, याचा विचार करीत आम्ही वर आलो. भुयारात ज्योत पेटवायला मनाई आहे. मेणबत्त्यांचे पुडके न फोडताच परत पिशवीत गेले.

१८ सप्टेंबर, रोम

आज सेबॅस्टियन. आप्पियन मार्गावरील त्याची बॅसिलिका मुळात पीटर आणि पॉल या प्रेषितांच्या स्मरणार्थ, ख्रिस्ती धर्माला आश्रय देणारा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याच्या काळात बांधली गेली. हा भाग खोलगट असल्याने त्याला ‘काताकुंबास’ म्हणत, आणि जगभरच्या भुयारी दफनभूमींना लागलेले कॅटॅकोम्ब हे नाव येथूनच पसरले. खाली एका भिंतीच्या गिलाव्यावर तिसऱ्या शतकातील यात्रेकरूंनी पीटर आणि पॉल यांना उद्देशून खरडलेल्या प्रार्थना आहेत, आणि त्यांतील काही जणांनी आपण येथे त्यांच्या नावाने भोजन केल्याचे नोंदवले आहे. थडग्यापाशी बसून जेवणे हा त्या काळातील वंदनाचा नित्याचा प्रकार होता. जिवंत आणि मृत यांची पंगत एकच मानली जाई.

सेबॅस्टियनविषयीचा सर्वांत जुना पुरावा ३५४ सालच्या एका रोमन पंचांगात मिळतो. त्यात रक्तसाक्ष्यांच्या दफनाच्या तिथींची यादी आहे आणि सेबॅस्टियनच्या नावापुढे २० जानेवारी ही तारीख व या जागेचे नाव दिले आहे. तो सैनिक होता, याबद्दल तेथे अक्षरही नाही. नंतर मिलानचे बिशप अँब्रोज यांनी तो मूळचा मिलानचा असल्याचे लिहिले. सम्राटाच्या रक्षक दलातील अधिकारी, बाणांनी विंधलेला, आयरीन नावाच्या विधवेने शुश्रूषा करून वाचवलेला आणि शेवटी सोट्यांनी मारला गेलेला सेबॅस्टियन प्रथम भेटतो तो पाचव्या शतकातील चरित्रकथेत. काल दोन खऱ्या सैनिकांचे कंचुकी झालेले पाहिले होते. आज एका नोंदीपुरत्या उरलेल्या रक्तसाक्ष्याला कथेने सैनिकाचा वेश चढवलेला पाहिला. मी हे आईला सांगावे की नाही, या विचारात होतो. वेदीखाली जुझेप्पे जोर्जेत्ती यांनी सतराव्या शतकात घडवलेली त्याची संगमरवरी मूर्ती आहे. अंगात बाण रुतलेला तरुण झोपी गेल्यासारखा पहुडलेला आहे, आणि आई तिच्यासमोर बराच वेळ गुडघे टेकून होती. तिला मी तेव्हा काही सांगितले नाही.

संध्याकाळी ‘साखळदंडातील संत पीटर’ यांच्या चर्चमध्ये गेलो. बहुतेक लोक तेथे मायकेलअँजेलोने घडवलेला मोशे पाहायला जातात. डाव्या बाजूच्या दालनात सातव्या शतकातील एक मोझेक आहे, त्याच्यापुढे आम्ही दोघेच होतो. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरे केस आणि पांढरी दाढी असलेला, दरबारी पोशाखातला एक वयस्क पुरुष उभा आहे.

“हे कोण रे?” आईने विचारले.

“सेबॅस्टियन.”

“मग बाण कुठे आहेत?”

तेव्हा मात्र मी तिला सगळे सांगितले : ३५४ सालची नोंद, अँब्रोज, नंतरची कथा, बाण हे साथीच्या रोगाचे चिन्ह असल्याची समजूत आणि त्यामुळे प्लेगपासून रक्षण करणारा संत म्हणून त्याची वाढलेली कीर्ती, ६८० च्या प्लेगमध्ये पाव्हिया शहरात त्याच्या नावाची वेदी उभारल्यावर साथ ओसरल्याची पॉल द डीकन या इतिहासकाराने दिलेली हकिगत. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “त्याचं थडगं तर खरं आहे ना? लोक त्याच्याकडे गेले, हे तर खरं?” ते खरेच होते. सोळा शतके कोणाच्या तरी दफनाची तिथी न चुकता पाळली जाणे, हा चरित्रकथेहून अधिक भक्कम पुरावा आहे.

१९ सप्टेंबर, रोम ते मिलान

आजचा दिवस गाडीत गेला, तेव्हा वाचून आणलेल्या टिपणांतील दोन प्रकरणे येथे नोंदवतो, कारण त्यांच्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. दोन्ही उत्तर आफ्रिकेतील आहेत आणि दोन्ही न्यायालयीन जबाबांच्या स्वरूपात उरली आहेत. १२ मार्च २९५ रोजी तेवेस्ते येथे मॅक्सिमिलियन या २१ वर्षांच्या तरुणाला सैन्यभरतीसाठी उंची मोजायला उभे करण्यात आले, तेव्हा आपण ख्रिस्ती असल्यामुळे आपल्याला सैनिक होता येत नाही, एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ख्रिस्ती असलेले इतर लोक सम्राटांच्या सैन्यात नोकरी करतात, याची अधिकाऱ्याने आठवण दिल्यावर, त्यांना काय योग्य ते त्यांना ठाऊक, असे त्याने उत्तर दिले. पोंपेयाना नावाच्या एका स्त्रीने त्याचा देह मागून घेतला आणि कार्थेजला नेऊन बिशप सिप्रियन यांच्या थडग्याजवळ पुरला. तीन वर्षांनी मार्सेलस या शतपतीने सम्राटांच्या सन्मानार्थ चाललेल्या समारंभात निशाणांसमोर आपला लष्करी कमरपट्टा फेकून दिला, आणि तिंगीस, म्हणजे आजच्या टँजियर येथे त्याचा शिरच्छेद झाला. सैनिकाच्या शपथेला लॅटिनमध्ये ‘साक्रामेंतुम’ म्हणत. बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांना ख्रिस्ती लोकांनी तोच शब्द लावला, यावरून दोन शपथांचा हा झगडा त्यांना किती जवळून दिसत होता हे कळते.

यानंतर काळ झपाट्याने पालटला. ३१४ साली, कॉन्स्टंटाइन सत्तेवर असताना, आर्ल येथील धर्मसभेने शांततेच्या काळात शस्त्रे टाकून देणाऱ्यांना कम्युनियनपासून, म्हणजे प्रभुभोजनाच्या संस्कारापासून, दूर ठेवावे असा नियम केला. ४१६ साली तर ख्रिस्ती नसलेल्यांनाच शाही सेवेचे दरवाजे बंद करणारा कायदा निघाला. मार्सेलसचा कमरपट्टा जमिनीवर पडला त्याला तेव्हा सव्वाशे वर्षेही झाली नव्हती. सैन्य आपलेच झाल्यावर, सैन्य सोडणाऱ्यांची थडगी पुजायची तरी कशी, हा प्रश्न दमासस आणि अँब्रोज यांच्या पिढीसमोर होता, आणि त्यांच्या ओळी मी त्या प्रश्नासह वाचतो.

२० सप्टेंबर, मिलान

अँब्रोज यांच्या बॅसिलिकेला लागूनच ‘सोनेरी आकाशातील संत व्हिक्टर’ या नावाचे एक छोटे देवालय आहे. व्हिक्टर, नाबोर आणि फेलिक्स हे तिघे मॉरेतानियातून आलेले रोमन सैनिक. अँब्रोज यांनी त्यांच्यावर रचलेल्या स्तोत्रात ते आपल्या भूमीवरील पाहुणे, परमुलखातून आलेले, असे म्हटले आहे. त्यांचा वध लोदी येथे झाला आणि देह मिलानला परत आणले गेले. स्तोत्रात तो प्रसंग विजयी सेनापतीच्या मिरवणुकीसारखा रंगवला आहे, रथात मात्र मृतदेह आहेत. राजासाठी प्राण द्यायला शस्त्रांनी शिकवलेल्या या माणसांना ख्रिस्तासाठी सोसणे उचित वाटले, असे सांगून पुढे स्तोत्र म्हणते की ख्रिस्ताचे सैनिक लोखंडी हत्यारे शोधत नाहीत, श्रद्धा हीच त्यांची ढाल. हे लिहिणारा माणूस साम्राज्याच्या राजधानीत बसणारा, प्रांताधिकारी म्हणून राज्य चालवलेला आणि सम्राटांशी रोजचा संबंध असलेला बिशप होता. सैनिकाचा गौरव करताना शस्त्र तेवढे वगळण्याची त्याने घेतलेली काळजी मला मनापासून भावली.

देवालयाचा घुमट पाचव्या शतकातील सोनेरी मोझेकने मढलेला आहे आणि मध्यभागी फुलाफळांच्या गोल माळेत व्हिक्टरचा चेहरा आहे. हातात पुस्तक, पुस्तकावर त्याचे नाव. खड्ग नाही, चिलखत नाही. खालच्या भिंतींवर नाबोर आणि फेलिक्स यांच्यासह अँब्रोजही उभे आहेत. आपला भाऊ सातिरस वारला तेव्हा अँब्रोज यांनी त्याला याच व्हिक्टरच्या शेजारी पुरले. रक्तसाक्ष्याच्या थडग्यालगत जागा मिळावी, त्याच्या पुण्याचा ओलावा आपल्या मृतापर्यंत झिरपावा, ही त्या काळातली फार खोल इच्छा होती.

ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीन याची आई मोनिका मिलानला आली तेव्हा आफ्रिकेतील रिवाजाप्रमाणे खीर, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन रक्तसाक्ष्यांच्या स्मारकांवर निघाली होती. बिशपने याला बंदी केल्याचे सांगून दरवानाने तिला अडवले आणि तिने निमूटपणे ते ऐकले, असे ऑगस्टीनने लिहून ठेवले आहे. मी आईला हे सांगितले, तेव्हा तिने पिशवीतले पुडके चाचपले आणि ती हसली. येथेही ते उघडता आले नाही.

२१ सप्टेंबर, मिलान ते सँ-मोरिस

सकाळच्या गाडीने सिंप्लॉनच्या बोगद्यातून रोन नदीच्या खोऱ्यात उतरलो. १९०६ साली सुरू झालेला हा बोगदा जवळजवळ २० किलोमीटरचा आहे. ब्रिगला गाडी बदलली आणि मार्तिन्यीनंतर खोरे अरुंद होत गेले. एका ठिकाणी दोन्हीकडचे डोंगर इतके जवळ येतात की नदी आणि रस्ता यांनाच कशीबशी जागा उरते, आणि तेथेच, सरळसोट कड्याच्या पायाशी सँ-मोरिस वसले आहे. रोमन काळात हे अगाउनुम. जुन्या गॉल भाषेत त्याचा अर्थ खडक. मालाच्या किमतीचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून घेणारे रोमन ठाणे येथे होते. ज्याला ही खिंड अडवता येईल त्याला आल्प्सची वाट अडवता येत असे.

येथील कथा लिऑनचे बिशप युखेरियस यांनी पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिली. ईजिप्तमधील थेबेस प्रांतातून आलेली, सर्व ख्रिस्ती असलेली एक पलटण; तिचा नायक मॉरिस, ज्याचे नाव या गावाला आहे. सम्राट मॅक्सिमियनने तिला ख्रिस्ती लोकांना पकडून आणण्याचा हुकूम दिला आणि तिने तो नाकारला. दर दहा माणसांतला एक मारला गेला, उरलेल्यांनी पुन्हा नकार दिला, पुन्हा दहावा मारला गेला, आणि अखेर सगळी पलटण कापून काढण्यात आली. युखेरियस संख्या ६६०० देतात. ही पलटण हातात शस्त्रे असूनही लढली नाही. आम्ही तुझे सैनिक आहोत पण देवाचे दास आहोत, हातात शस्त्र आहे तरी प्रतिकार करीत नाही, कारण मारण्यापेक्षा मरणे आम्हाला बरे वाटते, असे त्यांचे उत्तर युखेरियस नोंदवतात.

एवढी मोठी पलटण अशी नाहीशी झाल्याचा समकालीन पुरावा नाही आणि बरेच इतिहासकार ही कथा या स्वरूपात स्वीकारत नाहीत. परंतु मठाच्या आवारात, मार्तोले नावाच्या उत्खननात उभे राहिल्यावर प्रश्न थोडा वेगळा होतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस मार्तिन्यीचे बिशप थिओडोर यांना हे अवशेष सापडले आणि त्यांनी कड्याला टेकवून एक बॅसिलिका बांधली. तिची एक बाजू कड्याला लागलेली होती, असे युखेरियस सांगतात. त्या बॅसिलिकेवर दुसरी, दुसरीवर तिसरी, अशा एकाच अरुंद पट्ट्यात शतकानुशतके उभारलेल्या चर्चांचे पाये येथे एकमेकांत गुंतले आहेत. कड्यावरून दरडी कोसळत. १६११ च्या दरडीने चर्च मोडले, १९४२ साली खडक पडून घंटाघर उद्ध्वस्त झाले. तरीही हजार वर्षांहून अधिक काळ कोणी जागा बदलली नाही. चार पावले बाजूला सुरक्षित जमीन असताना कड्याखालीच पुन्हा पुन्हा बांधणाऱ्या माणसांचा हट्ट मला त्या ६६०० च्या आकड्याहून अधिक बोलका वाटला.

बर्गंडीच्या राजघराण्यातील सिगिस्मुंड याने ५१५ साली येथे मठ स्थापन केला. भिक्षूंच्या तुकड्या पाळीपाळीने रात्रंदिवस स्तोत्रे गात, जेणेकरून गायन कधीच थांबणार नाही. या तुकड्यांना ‘तुर्मा’ म्हणत, आणि तुर्मा म्हणजे रोमन घोडदळाची तुकडी. मारली गेलेली पलटण गाणारी पलटण होऊन पहाऱ्यावर उभी राहिली, असे त्या शब्दात दिसते. ५२२ साली याच सिगिस्मुंडने राणीच्या सांगण्यावरून पोटच्या मुलाला ठार करवले, आणि मग पश्चात्तापाने तो येथे येऊन उपवास करीत, रडत राहिला, असे इतिहासकार तूरचे ग्रेगरी लिहितात. मारण्याचा हुकूम नाकारणाऱ्यांच्या थडग्यापाशी मारण्याचा हुकूम देणारा बाप बसला होता.

मठाच्या खजिन्यात सार्डोनिक्स या रंगीत दगडाचे प्राचीन पात्र आणि सातव्या शतकातील तेउदेरिकची रत्नजडित पेटी आहे; पण मी थांबलो तो त्याच पलटणीतील कांदिदस या सैनिकाच्या, बाराव्या शतकात चांदीत घडवलेल्या शिराजवळ. चेहरा शांत आहे, डोळे उघडे आहेत, आणि खालच्या चौथऱ्यावर त्याच्याच शिरच्छेदाचे दृश्य कोरले आहे. मध्ययुगात राजे लोक मात्र मॉरिसला आपल्या लढायांत ओढत होते. ओटो पहिला याने ९३७ साली माग्देबुर्गचा मठ त्याच्या नावे केला आणि पुढे जर्मन सम्राटांच्या हाती मॉरिसचा म्हणून भाला व तलवार आली. साव्हॉयच्या घराण्याने १४३४ मध्ये त्याच्या नावाने सरदारांचा संघ काढला. वसईच्या बुरुजाचा उगम मला येथे सापडला.

२२ सप्टेंबर, सँ-मोरिस

आज सण. सकाळी मिस्सानंतर अवशेषांच्या सोन्याचांदीच्या पेट्या खांद्यावर घेऊन गावातून मिरवणूक निघाली. सहाव्या शतकातील त्या तुर्मांच्या आठवणीने मी स्तोत्रगायन ऐकत होतो; कडा आवाज परत फेकतो, त्यामुळे गाणारे आहेत त्याहून कितीतरी अधिक असल्यासारखे वाटतात.

दुपारी गावाबाहेर वेरोलिए येथे गेलो. पलटण येथेच मारली गेली असे परंपरा मानते आणि तेथे एक छोटे देवालय आहे. भोवती शेते, मागे डोंगर. आईला चालायला वेळ लागला, पण वाहन नको म्हणाली. देवालयापाशी मेणबत्त्या लावायला जागा पाहून तिने अखेर पुडके फोडले आणि मला नावे सांगायला सांगितले. मी सांगितली : मॉरिस, एक्सुपेरियस, कांदिदस, व्हिक्टर. चार मेणबत्त्या लागल्या.

“आणि बाकीचे?”

युखेरियस यांना एवढीच नावे कळली होती; बाकीची आपल्याला ठाऊक नाहीत, पण ती जीवनाच्या पुस्तकात लिहिलेली आहेत, असे त्यांनी नमूद केले आहे. मी ते वाक्य आईला सांगितले. तिने पाचवी मेणबत्ती त्यांच्यासाठी लावली. सहावी तिने बराच वेळ हातात धरली, आणि मग ज्यांनी त्यांना मारले त्या शिपायांसाठी लावून ती बाकावर बसली.